सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे ना, मग ऐक

अगं, ऑपरेशनची धास्ती घेऊ नकोस. मोतीबिंदू काढून भिंग बसवणं आता रोजचं काम झालंय. जपायचं ते जंतूंना. हजारात एखाद्याच्याही वाट्याला न येणारा त्रास, पण डोळ्याच्या आत पू झाला तर दोन-चार दिवसांत नजर जाऊ शकते.

हे जंतू बहुतेकदा पेशंटच्याच पापण्यांच्या कडांवर असतात. म्हणून ऑपरेशनआधी पाच टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडिन डोळ्यात घालून निदान तीन मिनिटं थांबतात. तपकिरी असतं, झोंबतं. सासूबाईंना आधीच सांगून ठेव. त्यांचा डोळा सारखा पाझरत असेल, कोपऱ्यातून चिकट येत असेल किंवा साखर वाढली असेल, तर तेही डॉक्टरांपासून लपवायचं नाही. तारीख पुढे गेली तरी चालेल.

आणि एक प्रश्न नक्की विचार: ‘ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडता ना?’ 2007 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात सेफ्युरॉक्झिम असं सोडल्यावर संसर्ग जवळपास पाचपटीने घटला. आपल्याकडे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने सहा लाखांहून जास्त ऑपरेशनांचा हिशोब मांडला. मॉक्सिफ्लॉक्सासिन आत सोडायला लागल्यावर दहा हजारांत सातच्या आसपास असलेलं प्रमाण दोनवर आलं. केवढ्या जणांची नजर वाचली बघ! विचारायला अजिबात संकोचू नकोस, चांगला डॉक्टर रागावत नाही.

घरी आल्यावर काम तुझं. साबणाने हात धू, खालची पापणी हलकेच ओढ, थेंब टाक. बाटलीचं टोक पापणीला लागता कामा नये. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ दे. डोळा बरा दिसतोय म्हणून ड्रॉप्स मनाने बंद करायचे नाहीत, मामंजींची जुनी अर्धी बाटली तर मुळीच नको. डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून पाणी नको. शेजारच्या काकू गुलाबपाणी किंवा मध सुचवतील, त्यांना चहा पाज आणि पाठव.

पहिल्या दिवशी थोडं खुपणं, पाणी येणं चालायचंच. पण दुखणं वाढत गेलं, डोळा लाल झाला, पापणी सुजली किंवा दिसायला लागलेलं पुन्हा धूसर झालं, तर सकाळची वाट बघू नकोस. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर आजच लिहून घे. आणि गाडी मिळाली नाही तर मला उठव, तुझ्या दाजींना लगेच पाठवते.