चिखलात उतरलेले दोर
वाचन: यिर्मया 38:1-13



सरदारांनी यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत सोडले, तेव्हा त्याच्या बाजूने उभा राहिला राजवाड्यातला एक परदेशी सेवक, एबद-मलेख कूशी. त्याने काय केले हे नीट पाहू. राजा बन्यामिनी वेशीत बसला होता, तिथे जाऊन तो राजाशीच बोलला. विहिरीत माणूस भुकेने मरेल, हे नेमके कारण त्याने सांगितले. राजाचा हुकूम आणि माणसे घेऊनच तो विहिरीकडे गेला. दोराने काखा सोलू नयेत म्हणून जुनी फडकीही त्याने आधी खाली सोडली. यिर्मया वर आला, पण सुटला नाही. तो पहारेकऱ्यांच्या चौकातच राहिला. एबद-मलेखाने सुटका मागितली नव्हती, जीव मागितला होता.

हा पाठ मला गेल्या वर्षी उमगला. माझा धाकटा चुलतभाऊ कच्चा कैदी म्हणून कारागृहात होता. तिथल्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. मुलाकातीत त्याने हे सांगितले, तेव्हा काकूने पहिला प्रश्न विचारला, "आता याचं ताट वेगळं ठेवायचं का?"

ताट वेगळे ठेवायचे नाही. हा रोग रक्तातून पसरतो: एकाची सुई दुसऱ्याला टोचल्याने, न उकळलेल्या सुईच्या इंजेक्शनाने, जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदल्याने, दुसऱ्याचे ब्लेड वापरल्याने. एकत्र जेवल्याने किंवा हात मिळवल्याने तो होत नाही. तो वर्षानुवर्षे गुपचूप यकृत खातो. त्यावर लस नाही, पण औषध आहे. रोज तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी, बहुतेकांच्या बाबतीत 12 आठवड्यांत, शंभरातले 95 हून अधिक रोगी बरे होतात. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ही तपासणी व औषधे नेमलेल्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. म्हणजे औषध आहे आणि त्याला पैसाही लागत नाही. प्रश्न उरतो तो गजाआडच्या माणसापर्यंत ते पोचवण्याचा. तिथे एबद-मलेखाची रीत कामी येते.

अधिकार असलेल्याकडे जा. फाटकावरच्या शिपायाला विनवून भागत नाही. आम्ही कारागृह अधीक्षक व वैद्यकीय अधिकारी यांच्या नावे अर्ज दिला. त्यात भावाचे नाव, बंदी क्रमांक व खटल्याचा क्रमांक लिहिला. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली.

नेमके मागा. "उपचार करा" एवढे पुरत नाही. पहिली तपासणी रोग कधीतरी शिरला होता एवढेच सांगते. काहींच्या शरीरातून तो आपोआप जातो. म्हणून विषाणू आज रक्तात आहे का, हे पाहणारी आरएनए तपासणी मागावी. सोबत यकृताची व हिपॅटायटिस बी ची तपासणीही मागावी. आपल्या भागात क्षयरोग पुष्कळ. क्षयाचे रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या या औषधाचे बळ मोडतात. रोगी अशी औषधे घेत असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

हुकूम मिळवा. भावाला रुग्णालयाची तारीख दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा सोबत न्यायला पोलीस गार्ड मिळाला नाही. मग आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. 1987 च्या कायद्याने अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कोणालाही मोफत वकील मिळतो. फोन क्रमांक 15100. वकीलबाईंनी न्यायालयात अर्ज केला आणि न्यायालयाच्या आदेशाने भाऊ रुग्णालयात पोचला. आजारी कैद्याला त्या कारणावरून जामीन मागण्याची सोयही कायद्यात आहे. पण उपचाराची मागणी जामिनासाठी थांबवू नये.

फडकी विसरू नका. भावाला सातव्या आठवड्यात जामीन झाला. आनंदाच्या त्या दिवशीच उपचार तुटण्याचा धोका सर्वांत मोठा होता. सुटताना उपचाराचे कार्ड, तपासण्यांचे कागद व उरलेल्या गोळ्या मागून घ्याव्यात. पुढच्या गोळ्या कोणत्या केंद्रातून मिळतील तेही विचारावे. दुसऱ्या कारागृहात बदली झाली तरी हेच करावे. गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासणी करून घ्यावी. बरा झाला की नाही हे तीच सांगते. भावाची ती तपासणी अजून व्हायची आहे. बरे झाल्यावरही पहिली तपासणी पॉझिटिव्हच येत राहते, हे घरच्यांना ठाऊक असावे. आणि रोग पुन्हा लागू शकतो, म्हणून सुई व ब्लेड यांची काळजी कायम घ्यावी.

मंडळीने आम्हाला काय दिले, तेही लिहितो. औषधाला रुपया लागला नाही. लागला तो एसटीच्या भाड्याला, झेरॉक्सला आणि बुडालेल्या मजुरीला. मंडळीच्या पेटीतून तेवढे मिळाले, म्हणून काका तारखेला हजर राहू शकले. आमच्या पाळकांनी भावाच्या गुन्ह्याबद्दल काही विचारले नाही. ते म्हणाले, "न्याय न्यायालय करील. आपण दोर धरू." रोगाची गोष्ट मात्र भावाच्या परवानगीशिवाय त्यांनी प्रार्थनासभेतही काढली नाही. उघड्या तोंडाची दयाही माणसाला गावात उभे राहू देत नाही.

प्रभूने मत्तय 25 मध्ये आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट एकत्र सांगितली आहे. एकच माणूस दोन्हीही असू शकतो.

चर्चेसाठी
1. आपल्या मंडळीतल्या कोणत्या घरचा माणूस आत आहे? त्या घरी आपण शेवटचे कधी गेलो?
2. मराठी अर्ज लिहून देईल असा कोण आपल्यात आहे?
3. तारखेच्या भाड्यासाठी पेटीत वेगळी रक्कम ठेवता येईल का?

प्रार्थनेचा विषय: कारागृहातले रोगी, त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर, आणि मुलाकातीसाठी दिवस मोडणाऱ्या आया.