बसावयास जागा कोणाला?

(तरुण संघ व शब्बाथशाळेच्या वरिष्ठ वर्गासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : याकोब २:१-१३, प्रेषितांची कृत्ये ६:१-७, योहान १:४३-५१.
मुखपाठ : याकोब २:१.
हेतू : रोजच्या व्यवहारात माणसामाणसांत आपण जो भेद करतो तो नीट पाहावयास तरुणांना शिकविणे, आणि जे दिसेल ते मंडळीच्या उन्नतीसाठी कसे वापरावे हे दाखविणे.

प्रस्तावना

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ मुलेमुली आज अकरावी-बारावीला किंवा पदवीच्या वर्गात समाजशास्त्र हा विषय घेतात. पूर्वग्रह, सामाजिक विषमता, बहिष्कार हे शब्द त्यांना परीक्षेपुरते पाठ असतात. परीक्षा झाली की वही माळ्यावर जाते. हीच मुले रविवारी उपासनेला येऊन याकोबाचे पत्र ऐकतात. पण वहीतला प्रश्न आणि पत्रातला प्रश्न एकच आहे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

काही वडील मंडळी विचारतील, "पवित्र शास्त्र हाती असता समाजशास्त्र कशाला?" प्रश्न रास्त आहे. पक्षपात हे पाप आहे असे पवित्र शास्त्र स्पष्ट सांगते. परंतु तो पक्षपात आपल्याच उपासनामंदिरात कोणत्या बाकावर येऊन बसला आहे, हे शोधण्यास उघडे डोळे आणि थोडी मोजदाद लागते. हे काम समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने शिकलेले असते. ते त्याने मंडळीसाठी करावे, एवढेच या पाठात सांगावयाचे आहे.

१. 'साचा' म्हणजे काय?

समाजशास्त्रात 'स्टीरिओटाइप' असा एक शब्द आहे. तो मुळात छापखान्यातला. खिळे जुळवून तयार केलेल्या पानाचा साचा घेत आणि त्यावरून धातूची एक अखंड प्लेट ओतीत. तिला हे नाव होते. एकदा प्लेट ओतली की हजारो प्रती एकसारख्या निघत. एक अक्षरसुद्धा सुटे करून बदलता येत नसे. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली आपल्या ग्रंथात हा शब्द माणसाच्या मनाला लावला. माणूस पाहण्याआधीच त्याचे चित्र आपल्या मनात ओतून तयार असते, आणि मग त्या जातीचा, त्या भाषेचा, त्या वस्तीचा जो कोणी समोर येईल त्याच्यावर आपण तेच छापून मोकळे होतो.

असे साचे आपल्यालाही लावले जातात. 'धान्यासाठी ख्रिस्ती झालेले', 'परकीयांची माणसे' ही वाक्ये आपल्या वाडवडिलांनी ऐकली आणि आपणही ऐकतो. बेळगावकडच्या मराठी माणसाला भाषेवरून, इंदूर-ग्वाल्हेरच्या कुटुंबाला 'बाहेरचे' म्हणून कधी ना कधी टोमणा बसलेला असतो. ज्याला हा चटका ठाऊक आहे, त्याने कानडी शेजाऱ्याविषयी, पलीकडच्या झोपडपट्टीविषयी किंवा घरकामाला येणाऱ्या बाईविषयी आपण काय बोलतो हेही ऐकून पाहावे.

२. पवित्र शास्त्रातील तीन प्रसंग

(अ) नथनेल. येशू नासरेथचा आहे असे कळताच नथनेलाच्या मनातला साचा बोलला. त्या गावातून काही चांगले निघेल यावर त्याचा विश्वास बसेना. फिलिप्पाने वाद घातला नाही. त्याने त्याला प्रत्यक्ष येऊन पाहण्यास सांगितले. ध्यानात घ्या, नथनेल हा निष्कपट मनुष्य होता अशी साक्ष स्वतः प्रभूने दिली आहे. म्हणजे साचा केवळ दुष्टांच्याच मनात असतो असे नाही. सरळ मनाच्या भक्ताच्या मनातही असतो.

(आ) याकोबाची सभा. याकोब पक्षपातावर तात्त्विक व्याख्यान देत नाही. तो दाराशी उभा राहून पाहतो. सोन्याची अंगठी घातलेला आत येतो, त्याला चांगली जागा मिळते. मळक्या कपड्यांतला येतो, त्याला उभे राहावे लागते किंवा पायांजवळ बसावे लागते. कोण कोठे बसला, एवढ्या एका नोंदीवरून त्याने सबंध सभेचे अंतःकरण उघडे केले.

(इ) यरुशलेमेतील विधवा. रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. ही मंडळी आत्म्याने भरलेली होती, मालमत्ता एकत्र ठेवणारी होती, तरीही भाषेच्या रेषेवर भेद शिरलाच. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना दटावले नाही. त्यांनी सात जण निवडण्यास सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत! ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती वाटणी गेली असावी, असे यावरून दिसते. पुढच्याच वचनांत वचनाचा प्रसार झाल्याचे लूक नोंदवितो.

३. साचा कायदा होतो तेव्हा

मनातला साचा मनातच राहतो असे समजू नये. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानावर झाली. काही भटक्या जमातींतील माणसे जन्मतःच गुन्हेगार असे धरून त्यांची नोंदणी झाली, हजेरी लागली, त्यांना वसाहतींत ठेवण्यात आले. पाळण्यातल्या मुलाने काय गुन्हा केला होता? परंतु साच्याला मूल दिसत नाही; त्याला फक्त जमात दिसते. अशा वसाहती सरकारतर्फे चालविणाऱ्यांत मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थाही होत्या, हे आपण विसरू नये. शिक्षण व काम देण्याचा त्यांचा हेतू चांगला असेल. पण कुंपण कुंपणच होते. १९५२ साली हा कायदा रद्द झाला. कायदा गेला, तरी पारधी कुटुंब गावाजवळ उतरले की संशय अजून त्यांच्याकडेच वळतो.

४. बोलणे एक, वागणे एक

ला पिएर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३० ते १९३२ या काळात एका चिनी जोडप्यासह अमेरिकेत दूरवर प्रवास केला. त्या काळी तेथे चिनी लोकांविषयी मोठा दुजाभाव होता. तरी सुमारे अडीचशे हॉटेले व खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे त्याने त्याच ठिकाणांना पत्रे पाठवून विचारले की, चिनी पाहुणे तुम्ही घ्याल काय? १२८ उत्तरे आली. त्यांत दहांपैकी नऊहून अधिक जणांनी 'नाही' म्हटले. १९३४ साली त्याने हे प्रसिद्ध केले.

यातून विद्यार्थ्याने धडा घ्यावयाचा तो असा : माणूस काय म्हणतो यावरून तो काय करतो हे कळत नाही. तेथे बोलणे कठोर आणि वागणे मऊ होते. आपल्याकडे बहुधा उलट असते. "आमच्या मंडळीत भेदभाव मुळीच नाही" असे आपण मनापासून म्हणतो. लग्नाचे स्थळ पाहताना काय विचारतो, ते वेगळे असते. म्हणून नुसते मत विचारून भागत नाही. वागणुकीची नोंद करावी लागते.

५. शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी विशेष

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना भुलभुलैयाची कोडी सोडवावयास दिली. जातीचा उच्चार केला नाही तेव्हा वरिष्ठ मानलेल्या व कनिष्ठ मानलेल्या जातींच्या मुलांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. मात्र सर्वांसमक्ष प्रत्येकाची जात वाचून दाखविली, तेव्हा कनिष्ठ मानलेल्या जातींच्या मुलांची कोडी कमी सुटू लागली. मुले तीच होती, बुद्धी तीच होती. एका उच्चाराने त्यांचा हात अडला. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या वर्गात जात कोणी वाचून दाखवीत नाही. पण "वस्तीतली मुले इकडे बसा", "अमक्याचा मुलगा, त्याच्याकडून काय पाठांतर होणार", "मुलींनी फुले आणावीत, मुलांनी नाटकात राजे व्हावे" हेही उच्चारच आहेत. नाताळच्या कार्यक्रमात दरवर्षी मेंढरू कोण होते आणि गब्रीएल कोण होतो, याची मागील काही वर्षांची यादी शिक्षकांनी एकदा आठवून पाहावी.

६. चार रविवारांचा अभ्यास

पाळकसाहेबांची व पंचांची संमती घेऊन वर्गाने पुढील काम करावे.

पहिला रविवार – पाहणे. तीन-तीन मुलांचे गट करावेत. एका गटाने पाहावे : शास्त्रपाठ कोणी वाचला, प्रार्थना कोणी केली, सूचना कोणी दिल्या? दुसऱ्याने पाहावे : उपासनेनंतर खुर्च्या कोणी उचलल्या, चहा कोणी केला, पेले कोणी धुतले? तिसऱ्याने पाहावे : नवीन आलेल्याशी कोण बोलले आणि तो कोठे बसला? नावे लिहू नयेत; स्त्री की पुरुष, तरुण की वृद्ध, जुने कुटुंब की नवे, एवढेच लिहावे.

दुसरा रविवार – घर. प्रत्येकाने आपल्या घरातील एका दिवसाचा वेळ मांडावा : स्वयंपाक, पाणी, धुणे, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची सेवा. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर अशी वेळेची पाहणी केली. तीत सहा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपैकी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ त्यात जातो असे दिसले. शिवाय मुळात घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरांत ८१, तर पुरुष फक्त २६. आपले घर या आकड्यांच्या पुढे आहे की मागे, हे मुलांनी स्वतः ताडून पाहावे.

तिसरा रविवार – विचारणे. समजा, उपासनेला शंभर माणसे येतात, त्यांत साठ स्त्रिया आहेत. आणि बारा वाचकांपैकी स्त्रिया दोनच आहेत. येथे लगेच निकाल देऊ नये. त्या भगिनींनाच विचारावे. "बायका पुढे येत नाहीत" आणि "बायकांना कोणी विचारले नाही" या दोन गोष्टी दुरून सारख्या दिसतात. जवळ गेल्याशिवाय फरक कळत नाही.

चौथा रविवार – मांडणे. नोंदी एकत्र करून पंचांपुढे एक पानाचे निवेदन ठेवावे. आरोप नकोत, जे दिसले ते, आणि एक सूचना.

सावधगिरी : कोणाची जात विचारू नये; अर्पणाची रक्कम मोजू नये; कोणत्याही कुटुंबाचा उल्लेख वर्गाबाहेर करू नये. चार रविवारांच्या नोंदीला मंडळीचा सबंध इतिहास समजू नये. आणि नोंद करणाऱ्याने स्वतःलाही नोंदीत धरावे.

७. मोजदादीनंतर काय?

येथे समाजशास्त्राची सीमा येते. ते भेद दाखविते, त्याची कारणे शोधते; पश्चात्ताप घडवून आणणे त्याच्या हाती नाही. ते काम पवित्र आत्म्याचे आहे. आपल्याकडून एवढेच होणे आहे की, दाखविलेले आपण पाहावे.

या बाबतीत आपल्या परंपरेत एक आदर्श आहे. १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. बाळंतपणात आपल्या स्त्रियांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने जे पाहिले तसे मांडले. समाजशास्त्राचा वर्ग तेव्हा आपल्या देशात कोठेच नव्हता. पण पाहणे, नोंदविणे आणि उत्तर मागणे हे तिने केले. आणि तो निबंध छापला तो अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्राने. एका शाळकरी मुलीचे कठोर बोल ख्रिस्ती पत्राने जसेच्या तसे लोकांपुढे ठेवले.

उद्या आपल्या तरुण संघातील एखादी मुलगी कागद घेऊन पंचांच्या सभेत उभी राहील. त्या कागदावर पेले कोण धुतो आणि वचन कोण वाचतो हे लिहिलेले असेल. तिला "अजून लहान आहेस" म्हणून बसविले, तर ती कदाचित काहीच बोलणार नाही. वही मिटेल, आणि काही दिवसांनी तिची बाकावरची जागाही रिकामी होईल. प्रेषितांनी कुरकुर ऐकून घेतली आणि सात जण नेमले. पंचांनी तो कागद पुरता वाचून घ्यावा, आणि पुढच्या महिन्याची वाचकांची यादी त्याच बैठकीत नव्याने करावी.

चर्चेसाठी प्रश्न
१. ख्रिस्ती म्हणून कोणता साचा तुम्हाला लावला गेला? तसाच साचा तुम्ही कोणाला लावता?
२. याकोब आज आपल्या दाराशी उभा राहिला तर काय लिहून घेईल?
३. सात सेवकांच्या निवडीवरून आपल्या मंडळीच्या समित्यांनी काय शिकावे?
४. घरातील कोणते एक काम पुढील आठवड्यापासून तुम्ही स्वतःकडे घ्याल?

प्रार्थनेचा विषय : ज्यांना आपल्या सभेत बसावयास जागा मिळत नाही त्यांच्यासाठी, आणि जागा देण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासाठी.