बालकांतील आंत्रावरोध : निदानातील सावधानता

आतड्याचा एक भाग, सदऱ्याची बाही आत दुमडावी तसा, पुढील भागात शिरतो; त्या अवस्थेस आधुनिक शास्त्रात ‘इंटससेप्शन’ म्हणतात. बहुधा क्षुद्रांत्राचा शेवट स्थूलांत्रात शिरतो. पाच ते दहा महिन्यांच्या बालकांत हा विकार अधिक आढळतो. अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास आतडे कुजते. म्हणून येथे तासांना महत्त्व आहे.

सुदृढ बालक अकस्मात पाय पोटाशी घेऊन किंचाळते, काही मिनिटांत शांत होते आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तोच वेग येतो. वांती होते, पुढे ती हिरवी, पित्तयुक्त होते. वेग ओसरल्यावर हलक्या हाताने तपासल्यास पोटाच्या उजव्या बाजूस लांबट गाठ लागू शकते. काही बालके रडतही नाहीत, केवळ निस्तेज पडून राहतात. रक्त व आव मिसळलेला तांबडा मल हे बहुधा उशिराचे लक्षण होय. त्याची वाट पाहू नये.

असा मल पाहून प्रवाहिकेचा भ्रम होतो. प्रवाहिकेत बहुधा ज्वर व वारंवार मलप्रवृत्ती असते. वेगाने येणारा शूल आणि पित्तयुक्त वांती मात्र अवरोध सुचवितात. शंका असता कुटजाचे कल्प, एरंडेल, बाळगुटी अथवा बस्ती देऊ नये. औषधालयांनीही अशा बालकासाठी औषध मागितल्यास ते न देता वैद्याकडे धाडावे.

सोनोग्राफीत वलयात वलय दिसते. आतडे फुटलेले नसल्यास क्ष-किरण वा सोनोग्राफीच्या निरीक्षणाखाली गुदमार्गे हवा अथवा सलाईन सोडून शिरलेला भाग मागे सारतात. बहुतेक बालके शस्त्रकर्माविना बरी होतात. सुमारे १० टक्क्यांत पुनरावृत्ती होते. आपला बस्ती त्यास पर्याय नव्हे. तेथे दाब मोजला जातो व शल्यतज्ज्ञ सज्ज असतो.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, चौदाव्या अध्यायात, बद्धगुदोदरात उदर छेदून आंत्रे तपासण्याचा विधी आहे. दोन्ही व्याधी एकच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु आंत्रावरोध शल्याचा विषय आहे, हे तत्त्व आपल्याच ग्रंथांतील होय.

वणी, उमरखेडकडील बालकास यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. म्हणून शंका येताच तोंडाने काही न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. चिठ्ठीत पहिल्या वेगाची वेळ, शेवटचे स्तनपान व दिलेली औषधे लिहावीत. वेळेवर लिहिलेली ही चिठ्ठी वैद्याची चिकित्साच होय.