टोपीखालचा ‘स’

पुढील दोन वाक्ये मोठ्याने वाचा.

आबांनी कापूस विकला.
आबांनी कापूस विकावा.

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी गावच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरात ही वाक्ये बोलली गेली, तर त्यांतला फरक लहान पोरालाही कळेल. पहिल्या वाक्यात कापूस गाडीत भरून गेला आणि पैसे हातात आले. दुसऱ्या वाक्यात कापूस अजून घरातच आहे. तो विकला जावा ही कोणाची तरी इच्छा आहे. आता अशी कल्पना करा, की ‘विकला’ आणि ‘विकावा’ या दोन्ही शब्दांचा उच्चार अगदी एकच आहे, आणि लिहिताना तेवढे दुसऱ्या शब्दातील एका अक्षरावर छपरासारखी बारीक खूण काढावयाची आहे. खूण नसेल तर घडलेली गोष्ट, खूण असेल तर नुसती इच्छा!

फ्रेंच भाषेत नेमके हेच घडते. ‘त्याने विकले’ याला फ्रेंचमध्ये ‘इल व्हाँदी’ म्हणतात आणि ‘त्याने विकावे (अशी इच्छा होती)’ यातल्या क्रियापदाचा उच्चारही ‘व्हाँदी’ असाच होतो. फरक राहतो तो एका टोपीचा.

विज्ञानाच्या मासिकात हे व्याकरण कशाला, असे तुम्ही विचाराल. फूरिये यांचा उष्णतावहनावरचा ग्रंथ १८२२ साली आणि सादी कार्नो यांचे उष्णता-यंत्रांवरचे छोटे पुस्तक १८२४ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही मूळ फ्रेंचमध्ये आहेत. अँपेर आणि फ्रेनेल यांनीही आपले शोध फ्रेंचमध्येच मांडले. भौतिकीच्या लिखाणात ‘समजा, असे असावे’, ‘असे घडावे यासाठी अमुक आवश्यक होते’ अशी वाक्ये पदोपदी येतात, आणि त्या काळच्या फ्रेंचमध्ये अशा जागी आपले आजचे रूप वापरल्यावाचून गत्यंतर नसे. मूळ ग्रंथ उघडणाऱ्याने टोपी ओळखली नाही, तर गृहीतकालाच तो निष्कर्ष समजून बसेल.

या रूपाचे फ्रेंच नाव ‘अँपार्फे द्यु स्युब्झोंक्तिफ’. आपण सोयीसाठी ‘भूतकाळी विध्यर्थ’ म्हणू. ते केव्हा येते? मुख्य वाक्य इच्छा, भीती, शंका किंवा आवश्यकता यांपैकी काही सांगणारे असेल, तर त्याला जोडलेल्या गौण वाक्यात विध्यर्थ येतो. मुख्य वाक्य वर्तमानकाळी असेल तर वर्तमानकाळी विध्यर्थ. ते भूतकाळात गेले की गौण वाक्यातल्या क्रियापदानेही मागोमाग भूतकाळी विध्यर्थात जायचे, असा जुना दंडक. मराठीत असे होत नाही. ‘आबांनी कापूस विकावा असे आईला वाटते’, ‘वाटत होते’, ‘वाटेल’ अशी तीन वाक्ये करून पाहा. आईचे वाटणे तिन्ही काळांत फिरून आले, पण ‘विकावा’ जागचा हलला नाही.

आता रूप तयार करण्याची कृती पाहू. नियमित क्रियापदांचे तीन गट आहेत, म्हणून तीन नमुने घेऊ : पार्ले म्हणजे बोलणे (मुंबईच्या पार्ल्याशी याचा काही संबंध नाही!), फिनीर म्हणजे संपवणे, आणि व्हाँद्र म्हणजे विकणे. प्रत्येकाचे साध्या भूतकाळातले ‘तू’चे रूप घ्या. ते अनुक्रमे पार्ला, फिनी, व्हाँदी असे उच्चारतात. लिहिताना मात्र तिन्हींच्या शेवटी ‘एस’ हे अक्षर असते, आणि ते मुके असते. मराठीत ‘तू बोललास’ म्हणताना शेवटी ‘स’ येतो, तो आठवला की हे अक्षर विसरणार नाही; अर्थात ही केवळ लक्षात ठेवण्याची युक्ती. आता या रूपापुढे ‘एस’ आणि ‘ई’ ही दोन अक्षरे जोडा. झाले! मुका ‘स’ जागा होतो आणि ‘मी’चे रूप मिळते : पार्लास, फिनीस, व्हाँदीस.

बाकीची पाच रूपे त्याच साच्यातून निघतात. व्हाँद्र क्रियापदाचा सगळा संच उच्चाराप्रमाणे असा :

मी – झ व्हाँदीस
तू – त्यु व्हाँदीस
तो – इल व्हाँदी
आम्ही – नू व्हाँदिस्यों
तुम्ही – व्हू व्हाँदिस्ये
ते – इल व्हाँदीस

पार्ले क्रियापदात ‘ई’च्या जागी ‘आ’ येतो : पार्लास, पार्लास, पार्ला, पार्लास्यों, पार्लास्ये, पार्लास. ‘मी’, ‘तू’ आणि ‘ते’ यांची रूपे कानाला एकच. लिहिण्यात शेवटची मुकी अक्षरे निराळी. फिनीरची गंमत आणखी वेगळी आहे. त्याच्या भूतकाळी विध्यर्थाची सहापैकी पाच रूपे वर्तमानकाळी विध्यर्थाशी तंतोतंत जुळतात, लिहिण्यातसुद्धा. निराळे पडते ते फक्त ‘तो’चे रूप.

भौतिकीच्या माणसाला ही कृती आवडते, कारण एक राशी दिली की उरलेल्या सर्व मिळतात. आणि सूत्राची व्याप्ती नियमित क्रियापदांपुरती नाही. ‘असणे’ या अर्थाचे एत्र हे क्रियापद वर्तमानकाळात महा अनियमित. पण त्याचे ‘तू’चे साधे भूतकाळी रूप ‘फ्यु’ हाती आले, की पुढे ‘फ्युस’ वगैरे रूपे याच कृतीने मिळतात. विद्यार्थ्यांकडून सहा-सहा रूपांचे पाढे घोकून घेण्यापेक्षा शिक्षकांनी ही एक पायरी पक्की करून घ्यावी, असे माझे मत आहे.

पण ‘तो’चे रूपच असे फटकून का वागते? सगळीकडे ‘स’ ऐकू येतो आणि येथेच तो गळतो, हे काय? याचे उत्तर टोपीत आहे.

तुमच्या ओळखीचे दोन इंग्रजी शब्द घ्या : हॉटेल आणि हॉस्टेल. दोन्ही मुळात एकाच जुन्या फ्रेंच शब्दापासून आलेले. जुन्या फ्रेंचमध्ये त्या शब्दात ‘स’ होता. तो असताना इंग्रजीने शब्द उचलला, त्याचे झाले हॉस्टेल. पुढे फ्रेंचमध्ये ‘स’ उच्चारातून गेला. त्यानंतर तोच शब्द इंग्रजीने पुन्हा घेतला, त्याचे झाले हॉटेल. फ्रेंच लोक आज हा शब्द लिहिताना ‘ओ’वर टोपी घालतात. हॉस्पिटल आणि फॉरेस्ट या शब्दांच्या फ्रेंच रूपांतही असाच ‘स’ गेला आणि टोपी आली. फ्रेंच अकादमीने आपल्या कोशाच्या १७४० च्या आवृत्तीत असे अनेक मुके ‘स’ काढून टाकले आणि त्यांच्या जागी अशा खुणा रूढ केल्या.

आपल्या क्रियापदाचेही तेच. ‘प्रेम करणे’ या क्रियापदाचे लॅटिन रूप ‘अमाविस्सेत’. त्याचा अर्थ ‘त्याने प्रेम केले असते’ असा काहीसा. ते झिजून ‘अमास्सेत’, मग जुन्या फ्रेंचमध्ये ‘अमास्त’ झाले. येथे ‘स’च्या लगेच पुढे ‘त’ होता. अशा जागी, म्हणजे दुसऱ्या व्यंजनाच्या आधी आलेला ‘स’ फ्रेंच जिभेने टाकून दिला. ‘मी’च्या रूपात ‘स’नंतर स्वर होता, म्हणून तेथे तो वाचला. अपवाद वाटतो तो प्रत्यक्षात नियमच आहे. यावरून हेही कळेल, की ‘तू’च्या रूपापुढे ‘एस’ व ‘ई’ जोडण्याची कृती सोयीची असली, तरी रूपाचा खरा इतिहास तो नव्हे. ही रूपे थेट लॅटिनमधून उतरली आहेत.

शब्दांचा असा मागोवा आपल्या भाषेतही एका फ्रेंच पंडितानेच घेतला आहे. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला आणि वा. गो. परांजपे यांनी केलेला त्याचा अनुवाद ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ साली आला. आपल्या ‘विकावा’तला ‘-आवा’ संस्कृतातील ‘-तव्य’पासून आला आहे, ‘कर्तव्य’ या शब्दातला तोच हा ‘तव्य’. ‘तव्य’ लागलेला शब्द विशेषण असतो, म्हणून आपला विध्यर्थ बोलणारा कोण हे पाहत नाही, वस्तूचे लिंग पाहतो : कापूस विकावा, ज्वारी विकावी, सोयाबीन विकावे. फ्रेंच रूपाला वस्तूशी काही देणेघेणे नाही. ते ‘मी, तू, तो’ पाहून बदलते. काम तेच, पण अवजार वेगळ्या लोहाराने घडवलेले.

आजचा फ्रेंच माणूस हे रूप बोलताना वापरत नाही. त्याचे मुख्य कारण मला असे दिसते, की ज्या साध्या भूतकाळावर त्याचा साचा बसतो, तो साधा भूतकाळच बोलण्यातून गेला. शिवाय ‘पार्लास्यों’सारखी लांबलचक रूपे कानाला हास्यास्पद वाटू लागली. सरकारनेही दोर सैल केला. मुख्य क्रियापद संकेतार्थी असेल, तर परीक्षेत भूतकाळीऐवजी वर्तमानकाळी विध्यर्थ चालवून घ्यावा, असे १९०१ च्या आदेशाने ठरले. १९७६ च्या आदेशाने मुख्य क्रियापद भूतकाळी असतानाही ती सवलत दिली. छापील वाङ्मयात मात्र ‘तो’चे टोपीवाले रूप अधूनमधून भेटते. संस्कृत घेतलेल्यांना ‘लेट्’ हा लकार आठवेल. वेदांत तो आहे, कालिदासाच्या संस्कृतात नाही. पण वेद वाचायचे तर तो ओळखता आलाच पाहिजे.

आता थोडा सराव. दोने (देणे), श्वाझीर (निवडणे), आताँद्र (वाट पाहणे) यांची ‘तू’ची साधी भूतकाळी रूपे दोना, श्वाझी, आताँदी अशी आहेत. तिन्हींचे सहा-सहा प्रकार स्वतः करा.

आणि एक कोडे. ‘पाऊस येण्यापूर्वी आबांनी कापूस विकला’ हे वाक्य जुन्या वळणाच्या फ्रेंचमध्ये लिहायचे आहे. टोपी कोणत्या क्रियापदावर येईल? ‘विकणे’वर घालाल तर फसाल, आबांचा कापूस खरोखरच विकला गेला आहे, तेथे साधा भूतकाळ. ‘च्यापूर्वी’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दयोगानंतर विध्यर्थ लागतो, कारण कापूस विकला त्या घटकेला पाऊस अजून आलेला नव्हता. म्हणून टोपी पावसाच्या ‘येणे’वर.