स्वप्नात जागं व्हायचंय म्हणतेस?

ल्युसिड ड्रीमिंगचं खूळ डोक्यात घेतलंच आहेस पोरी, तर नीट घे. स्वप्न चालू असताना ‘अरे, हे तर स्वप्न!’ असं कळणं, एवढंच ते. सिद्धी-बिद्धी काही नाही. १९७५ साली इंग्लंडात हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्लीला अंगाला तारा जोडून झोपवलं. स्वप्नांच्या झोपेत हातपाय लुळे पडतात, बुबुळं मात्र हलत राहतात. वर्स्लीने स्वप्नातूनच ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि ती खूण यंत्राच्या कागदावर उमटली. तेव्हा कुणी हसलं तर हसू दे.

आधी आठवायला शीक. जाग आली की ज्या कुशीवर असशील तिथेच डोळे मिटून पडून राहा. मोबाइल हातात घेतलास की स्वप्न गेलंच म्हणून समज. शेवटचं काय होतं ते धर, कुणाचं घर, कोण बोलत होतं, आणि तिथून मागे मागे जा. मग वहीत लिही, मोडकंतोडकं चालेल. काही आठवड्यांत तेच तेच दिसायला लागेल: भलत्याच विषयाचा पेपर, सुटलेली गाडी. त्या तुझ्या खुणा. त्यांतलं काही दिसलं की शंका घ्यायची.

शंकेची सवय दिवसा लाव. नाक चिमटीत धर, तोंड मीट आणि श्वास घेऊन बघ. स्वप्नात तो बहुतेक वेळा आत जातो. किंवा दुकानाची पाटी वाच, नजर वळव, परत वाच. स्वप्नातली अक्षरं सहसा बदललेली असतात. पण उरकल्यासारखं करू नकोस, ‘आत्ता मी झोपेत तर नाही?’ हे खरंच विचारायचं.

मुख्य काम पहाटेचं. स्वप्नांची झोप साधारण दर नव्वद मिनिटांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते. म्हणून पाचेक तास झोपून ऊठ, थोडा वेळ जागी राहा, नुकतंच पडलेलं स्वप्न आठव. त्यात आपल्याला ‘हे स्वप्न आहे’ असं कळलंय अशी कल्पना कर आणि पुढच्या स्वप्नात हे ओळखायचं असं मनाशी घोकत झोप. स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांची ही रीत. पहाटेची एसटी धरायची असली की गजराआधी डोळे उघडतात ना, तसंच हे. मात्र फक्त सुट्टीच्या आदल्या रात्री. रोज झोपमोड केलीस तर आधी आई माझ्याशी भांडेल.

पहिल्यांदा जमेल तेव्हा आनंदाच्या भरात जाग येऊ पाहील. लगेच उडायला जाऊ नकोस. स्वप्नातच तळहात एकमेकांवर चोळ, पायाखालची फरशी बघ, म्हणजे जरा टिकेल.

कधी जाग येऊनही अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. भुताटकी नव्हे ती. संथ श्वास घे, एखादं बोट हलवायचा प्रयत्न कर, सुटेल. ते वरचेवर व्हायला लागलं, किंवा दिवसा स्वप्न कुठलं नि खरं कुठलं याचा गोंधळ उडू लागला, तर हे सगळं थांबव आणि डॉक्टरांकडे जा. स्वप्नांसाठी म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या गोळ्यांच्या तर वाटेलाही जायचं नाही.