विमानाचे अंतर आणि एसटीचा वेळ

अंतर, वेग आणि वेळ शिकवताना विमानाचे उदाहरण हमखास येते. वेळ = अंतर ÷ वेग हे सूत्र मुलांना पाठच असते. पण गडचिरोली-चंद्रपूरच्या मुलांना हे गणित त्यांच्या घरापासून सुरू करून द्यावे, म्हणजे ते खरे वाटते.

आधी पुस्तकी गणित करू. नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ६९० किमी आहे. विमानाचा वेग ताशी ८०० किमी धरला तर उत्तर येते जवळपास ५२ मिनिटे. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास वेळ दिसतो. मग उरलेली ३८ मिनिटे गेली कुठे? हा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि थोडा वेळ गप्प बसावे. ८०० हा वेग वर गेल्यावरचा. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणे, चढणे, उतरणे, मुंबईत गर्दी असली तर आकाशात घिरट्या घालणे, हे सगळे त्या दीड तासात येते. सरासरी वेग निघतो ताशी ४६० किमी.

आता गडचिरोलीहून निघू. नागपूरपर्यंत सुमारे १७० किमी, एसटीने चार तास धरा. विमानतळावर दोन तास आधी पोचायचे, दीड तास विमानात, अर्धा तास सामान मिळेपर्यंत. झाले आठ तास. एकूण ८६० किमी भागिले ८, म्हणजे ताशी १०७-१०८ किमी. विमानाने जाऊनही एवढाच! मुले इथे हटकून हसतात.

यानंतर नकाशा उघडायला लावा. गडचिरोली आणि सिरोंचा दोन्ही जवळजवळ ८०° पूर्व रेखावृत्तावर आहेत, त्यामुळे फक्त अक्षांशांची वजाबाकी पुरते. २०.२ वजा १८.८५ म्हणजे १.३५ अंश. एका अंशाला १११ किमी धरले की सरळ रेषेतले अंतर सुमारे १५० किमी येते. चामोर्शी, आष्टी, आलापल्लीवरून जाणारा रस्ता मात्र दोनशेच्या वर जातो. नागपूरचे विमान मुंबईला उतरते तोवर त्याच वेळी गडचिरोलीहून निघालेली सिरोंच्याची गाडी आलापल्लीलाही पोचलेली नसते.

भामरागडचे उदाहरण तर मी कधीच सोडत नाही. गडचिरोलीपासून हवाई अंतर शंभराच्या थोडे वर, रस्त्याने पावणेदोनशेच्या आसपास. ताशी २०० किमीने जाणारे हेलिकॉप्टर अर्ध्या तासात पोचेल. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की रस्त्याच्या गणितात वेग होतो शून्य, आणि शून्याने भागता येत नाही हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. घरात कुणी बाळंतीण असेल, तर त्या दिवशी 'किती किमी?' हा प्रश्न कुणी विचारत नाही. 'पाणी कधी उतरेल?' एवढेच विचारतात.

गृहपाठ म्हणून प्रत्येकाने आपल्या गावापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचे तीन आकडे आणावेत: नकाशावर पट्टीने मोजलेले अंतर, रस्त्याचे अंतर आणि लागणारा वेळ. वेळ उन्हाळ्याचा वेगळा, पावसाळ्याचा वेगळा. पालकांनी इथे जरूर मदत करावी, कारण तिसरा आकडा कुठल्याच पुस्तकात मिळत नाही.