नोकरी सुटलेल्या बाळंतिणीसाठी नाचणी सत्त्वाचा गृहोद्योग

कोकणातील काजू कारखान्यांत गर सोलण्याचे व प्रतवारीचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. बाळंतपणानंतर परतावे तो आपली जागा दुसरीला दिलेली, असा प्रसंग अशा स्त्रीवर येऊ शकतो. तान्हे मूल सोडून दूरचे काम धरता येत नाही आणि घरात पैसा तर लागतोच. अशा वेळी कर्ज काढून यंत्र घेण्याची घाई होते. ती टाळावी.

प्रथम हक्काच्या रकमेची चौकशी करावी. प्रसूतीच्या रजेवरील स्त्रीस कामावरून काढणे 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानेच बेकायदेशीर ठरविले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झाले असल्यास पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. गावातील कार्यकर्त्यांनी हजेरीची व पगाराची कागदपत्रे जमवून कामगार विभागाच्या कार्यालयात अर्ज करण्यास साहाय्य करावे. तक्रारीस मुदत असते. विलंब करू नये.

उद्योग असा निवडावा की, मूल रडले तर हातातील काम अर्ध्यावर ठेवता येईल. तळणाचे पदार्थ त्यास सोयीचे नाहीत. नाचणीचे सत्त्व मात्र टप्प्याटप्प्याने तयार होते. सुगीनंतर, नोव्हेंबरच्या सुमारास, धान्य घ्यावे. पावसाळ्यात वाळवण होत नाही, म्हणून जूनमध्ये आरंभ करू नये.

प्रथम 5 किलोच नाचणी घ्यावी. ती निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजत घालावी. सकाळी निथळून ओल्या स्वच्छ फडक्यात बांधावी व फडके सुकू देऊ नये. साधारण एक-दीड दिवसात बारीक मोड दिसताच फडके सोडावे. मोड लांबू दिल्यास आंबूस वास येतो. नंतर वर पातळ कापड घालून कडक वाळवावी. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. ओल राहिल्यास पिठास बुरशी धरते. हातांनी चोळून मोड पाखडावेत, मंद आचेवर किंचित भाजून निववावी आणि दळून वस्त्रगाळ करावी. गिरणीत मिरची-मसाल्यानंतर आपले दळण लावू देऊ नये. बाळंतिणीने पोते उचलू नये. दळण घरच्या पुरुषाने न्यावे-आणावे. त्यात कमीपणा नाही.

हिशेबातच बहुतेक स्त्रिया फसतात. समजा, 5 किलो नाचणीस 225 रुपये, दळणास 40, पिशव्या व लेबलांस 56 आणि इंधनास 24, असा 345 रुपये खर्च आला व साडेतीन किलो सत्त्व मिळाले. त्याच्या पाव किलोच्या 14 पिशव्या होतात. 40 रुपयांस एक याप्रमाणे 560 रुपये आले की 215 रुपये सुटले असे वाटते. पण स्वतःचे सहा तास, तासाला 50 रुपये दराने, 300 रुपयांचे झाले. म्हणजे 85 रुपयांची मजुरी बुडाली. पिशवीचा खरा खर्च 46 रुपये असून दुकानदाराचा वाटा त्यावर वेगळा धरावा लागतो. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकीने आपल्या गावचे भाव व आपले वजन घालून हिशेब मांडावा. घरातले काम म्हणून ते फुकटचे, ही समजूत सोडावी.

मुंबईत गिरगावात 1959 साली सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, त्यातूनच ‘लिज्जत’ उभे राहिले. बचत गटातील दोघी-तिघी मिळाल्यास मोठी चाळण व वजनकाटा सामाईक घेता येतो, आणि एकीचे मूल आजारी पडले तरी माल अडत नाही.

विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी. पिशवीवर वजन, तारीख, नाव-पत्ता व नोंदणी क्रमांक छापावा. मात्र ‘बाळांचा आहार’ असे छापू नये. बालअन्नाचे नियम निराळे व कडक असून त्याच्या जाहिरातीस 1992 च्या कायद्याने मनाई आहे. स्वतःच्या बाळासही सहा महिने पुरे होईपर्यंत केवळ अंगावरचे दूध द्यावे. पहिल्या पिशव्या ओळखीच्या दहा घरी द्याव्यात आणि पंधरा दिवसांनी त्यांतील कितींनी पुन्हा मागितल्या ते वहीत लिहून, त्यावरून पुढील नाचणी किती घ्यावयाची ते ठरवावे.